रिकाम्या जागा भरा

मी कम्प्युटर. बोलतोय असं म्हणवत नाही, कारण जन्मभर मला फक्त विचारता आलं. नाव काय ठेवू, कुठे ठेवू, खरंच पुसून टाकू का? माणसं उत्तर देतात, मग मी पुढे जातो. उत्तर मला आधीच ठाऊक असलं तरी ते सांगायची सोय माझ्यात नाही. तेवढी एक सोय नव्हती म्हणून एका घरात काय झालं, ते आज कुणी न विचारता सांगतो.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या मागे मोहियोद्दीनचाचांचं लहानसं दुकान होतं, तिथे मला जोडलं. मी कुठल्या कंपनीचा नव्हे. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, कळफलक तिसऱ्याचाच. चाचांचे वडील शिंपी होते. म्हणून चाचा गिऱ्हाइकाला सांगायचे, "कंपनीचा पीसी म्हणजे रेडिमेड शर्ट. हा मापानं शिवलेला हाय, अप्पा. उसवला तर आणून द्या, टाका मारून देतो."

ज्यांना ते हे सांगत होते ते वीरण्णा अप्पा. माझे मालक. चाचा सीडी घालून मला शिकवू लागले तेव्हा अप्पा समोर चहा प्यायला गेले होते. त्याच वेळी माझ्या पडद्यावर दोन रिकाम्या जागा आल्या. एकीत ॲडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे घरातल्या सगळ्यात मोठ्या मालकाचा, पासवर्ड टाकायचा होता आणि दुसरीत तोच पुन्हा. चाचांनी मागे वळून पाहिलं. मालक चहात होता. "ज्याचं त्यानं टाकावं," असं म्हणत त्यांनी दोन्ही जागा तशाच सोडल्या आणि एंटर दाबलं.

एवढंच झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्या घरात ती कुणालाच माहीत नव्हती.

अप्पांचं घर क्लासेसच्या भागात होतं. आधी तिथे साधं पत्र्याचं घर होतं म्हणे. मग लातूरला शिकायला चहूकडून मुलं येऊ लागली आणि गल्लीचा रंगच बदलला. भिंती दिसेनाशा झाल्या, नुसते बोर्ड. बोर्डावर हसरे चेहरे, खाली मार्क. लोहा, देगलूर, मुरुड, रेणापूर इथून पोरं गादी आणि पत्र्याची पेटी घेऊन उतरायची आणि विचारायची, "रूम हाय का?" अप्पांनी वर खोल्या काढल्या. खाली मल्लम्मा, म्हणजे आमची आई, मेस चालवू लागली. दुसऱ्यांच्या मुलांना भाकरी वाढत ते घर उभं राहिलं. म्हणून आपलाही मुलगा एका बोर्डावर जावा, असं अप्पांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं.

मुलाचं नाव शिवशंकर. दहावीला त्याला चांगले मार्क पडले आणि बक्षीस म्हणून मी आलो. अप्पांनी माझ्या पडद्यावर विभूतीचे पट्टे ओढले. वरच्या खोल्यांतली पोरं दारात गर्दी करून बघत होती. "शंकर आता एमबीबीएसलाच जाणार," अप्पा त्यांना म्हणाले. "ह्याच्यावर सगळा अभ्यास येतो. बटण दाबलं की बेडूक आतून दिसतोय."

शंकरची धाकटी बहीण पुनम. माझ्यावरची धूळ पुसायचं काम पुनमचं आणि माझ्यासमोर बसायचं काम शंकरचं, अशी वाटणी कुणी न करता झाली. पुनम फार बोलत नसे. पुसताना ती कळांवरून बोट इतकं हलकं फिरवायची की एकही अक्षर उमटत नसे. पण कुठली कळ काय करते ते तिला शंकरच्या आधी पाठ झालं.

मला ठेवायला उंच टेबल आणलं होतं. आईनं ते परत करायला लावलं. "डोक्याच्या वर जड काय बी नको," ती म्हणाली. म्हणून मी जन्मभर एका ठेंगण्या चौरंगावर बसलो. शंकर माझ्यासमोर मांडी घालायचा. आईच्या उशाशी एका पत्र्याच्या डब्यावर पितळी तांब्या असायचा. जमीन हलली तर तो आधी वाजेल, मग पळता येईल. त्या घरात भूकंपाबद्दल कुणी बोलत नसे, पण तांब्या होता.

भूकंप झाला तेव्हा मी नव्हतो. ऐकलेलं सांगतो. आईचं माहेर तेरणेच्या काठचं. दगडमातीची जाड भिंतींची घरं, उन्हाळ्यात गार राहणारी. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे त्या जाड भिंती झोपलेल्यांवर आल्या. आईची आई सिद्धम्मा आणि धाकटी बहीण कस्तुरा दोघी तिथेच गेल्या. आई लातूरला सासरी होती, म्हणून वाचली. पुढे सरकारनं गाव दुसरीकडे बसवलं, त्याच नावाचं, सरळ रस्त्यांचं. आई तिथे एकदाच गेली. परत आल्यावर म्हणाली, "नाव तेच हाय. गाव न्हाई."

माहेरची एकच वस्तू तिच्याकडे राहिली होती. तिच्या लग्नाआधी जत्रेत काढलेला फोटो. मध्ये खुर्चीवर सिद्धम्मा, तिच्या खांद्यावर हात ठेवून कस्तुरा, आणि दुसऱ्या बाजूला पोरसवदा मल्लम्मा. मागे पडद्यावर रंगवलेला तलाव. तो फोटो देवाच्या फळीशेजारी भिंतीला होता.

एक दिवस शंकरनं तो फ्रेममधून काढून सायबर कॅफेत नेला, स्कॅन करून आणला आणि माझ्या पडद्यावर लावला. आई पिठाच्या हातानंच धावत आली. तिनं पदर तोंडाला लावला. तिघींवरून नजर फिरवली आणि एकदम म्हणाली, "काय रे शंकऱ्या, माझ्या आईच्या कपाळावर कचऱ्याचा डबा कामून ठिवला?"

खरंच, पुसलेल्या फाइलींचा डबा नेमका सिद्धम्माच्या कपाळावर बसला होता. शंकर पोट धरून हसला. पुनमही हसली. डबा ओढून कोपऱ्यातल्या रंगीत तलावात टाकला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. पुढे असा दुसरा आला नाही.

शंकर वाईट विद्यार्थी नव्हता. पण त्याची एक सवय होती. जे येत नाही ते तो येत नाही म्हणायचा. क्लासमध्ये ही सवय चालत नाही. परीक्षेत उत्तराचे गोल काळे करायचे असत आणि चुकलं तर मार्क कापत नसत. म्हणून क्लासचे सर रोज एकच घोकून घ्यायचे, "एकही गोल रिकामा सोडायचा नाही! येत नसलं तर काहीतरी ठोका!" वरच्या पोरांनी हे वाक्य जिन्यात खडूनं लिहून ठेवलं होतं. अप्पा जिना झाडून घ्यायचे, पण तेवढं राहू द्यायचे. मेसमध्ये कुणी जेवायला आलं नाही, कुणी दुपारी लोळलं, की अप्पा हेच ऐकवायचे. रिकामं ताट, रिकामं डोकं, रिकामी खोली, सगळं त्यांना सारखंच वाईट वाटे.

निकाल लागला. वरच्या खोलीतले दोघे मेडिकलला लागले. शंकर लागला नाही. अप्पांनी त्याला माझ्यासमोरच बसवलं.

"पेपर अवघड होता का?"

"काही काही."

"मग काय ठोकलं तिथं?"

"काही नाही. येत नव्हतं ते सोडलं."

अप्पांना आधी कळलंच नाही. "सोडलं म्हंजे? रिकामं?"

"हाव."

"लोहा-मुरुडची पोरं माझ्या घरची भाकर खाऊन, ठोकून डॉक्टर झाली आणि तू रिकामं सोडून आलास?"

"मला येत नव्हतं अप्पा. न येणारं आलं म्हणून कसं दाखवू?"

अप्पांनी हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. ते म्हणाले, "आजपासून तुझ्या शब्दावर माझा इश्वास न्हाई. दोन वर्षं अभ्यास करून राहिलो, करून राहिलो म्हणत होतास. ते बी रिकामंच असंल."

पुढचं वर्ष शंकरनं पुन्हा क्लास केला. त्या वर्षात बापलेकांत जेवढ्यास तेवढं बोलणं होई. पुन्हा नंबर लागला नाही. मग तो पुण्याला एका कारखान्यात लागला आणि सणालाही यायचा बंद झाला. जाताना त्यानं माझा पडदा फडक्यानं पुसला आणि पुनमला सांगितलं, "आईला फोटो दाखवत जा. बटण दाबायचं, बस. बाकी काही नाही."

त्या पावसाळ्यात वरच्या खोलीचं न्हाणीघर गळू लागलं. पाणी आतल्या आत देवाच्या भिंतीत उतरलं. कुणाला कळलं तेव्हा फोटो काचेला चिकटला होता. अप्पांनी खाली बसून, जीभ दाताखाली धरून, तो अलगद सोडवायचा प्रयत्न केला. ते कठोर असतील, पण त्या वेळी फुंकर घालत ते एकेक कोपरा सोडवत होते, हे मी पाहिलं. कागद हातात आला आणि चेहरे काचेवर राहिले. मग काचेवरूनही ओघळले.

आई रडली नाही. हात पुसून माझ्यासमोर येऊन बसली. "लाव ग पुनम."

पुनमनं बटण दाबलं. सिद्धम्मा आली, कस्तुरा आली.

तेव्हापासून आई रोज दुपारी मेसचं आवरलं की माझ्यासमोर बसायची. कधी कस्तुराच्या गालाला बोट लावायची. काच गरम असते माझी. ती म्हणायची, "ऊब हाय बघ अजून." जगात त्या दोघींचे चेहरे आता फक्त माझ्यात होते. एवढं मोठं काम मला कुणी कधी दिलं नव्हतं.

आणि मी ते केलं नाही. अचानक लाइट जाण्याचे ते दिवस होते. मला सावरून धरणारी बॅटरी फुगून बंद पडली होती. एकदा असाच मी चालू असताना लाइट गेली. परत आली तेव्हा माझ्यातली एक फाइल मोडली होती. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि मी तिथेच थांबलो. फोटो शाबूत होता. त्याच्याकडे जाणारं दार तेवढं अडलं होतं.

वर राहणारा दगडोबा, लोह्याचा, मित्राकडून दुरुस्तीची सीडी घेऊन आला. "काकू, काळजी करू नका, आत्ता उठवतो त्याला." सीडी फिरली. मी उठलोसुद्धा. आणि दुरुस्तीआधी जे विचारायचं असतं ते मी विचारलं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड टाका. त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ आणि रिकामी जागा.

"पासवर्ड मागून राहिलं," दगडोबा म्हणाला.

"कुणाचा?" अप्पांनी विचारलं.

"मालकाचा."

"मालक मी हाय. मी काय टाकला न्हाई."

"मग शंकरनं टाकला असंल."

 पुनम कळफलकासमोर बसली. सगळे तिच्यामागे उभे राहिले आणि मेसची पोरंही ताटं घेऊन आली. मग जो तो सांगू लागला.

"शंकर टाक."

"शिवशंकर, सगळं जोडून."

"ओ काकू, टार्गेट टाका, समदे तेच टाकत्यात."

"बायोलॉजी?"

"त्यात नापास झाला, ते कामून टाकील?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. अप्पा हसले नाहीत.

तीन शब्द चुकले की मी बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचो. तसा माझा नियमच आहे. पुन्हा सीडी फिरायची, पुन्हा मी विचारायचो, पुन्हा ते ठोकायचे. आईनं हळूच सांगितलं, "कस्तुरा टाकून बघ." तेही चुकलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे नका काही टाकू! चाचांनी सोडली तशी जागा सोडा आणि नुसतं एंटर दाबा! पण मला विचारता येतं, सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा भरत राहिले.

शेवटी आई म्हणाली, "त्यालाच फोन लावा ना." अप्पांनी लावला. किती महिन्यांनी लावला असेल कोण जाणे. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"पासवर्ड काय टाकलास?"

"कसला पासवर्ड अप्पा? मी काही नाही टाकला."

"काही नाही म्हंजे?"

"म्हणजे काही नाही. पासवर्डच नाही त्याला."

"पासवर्ड न्हाई तर मागतंय कशाला? मशीन खोटं बोलून राहिलं का?"

"अप्पा, तुम्ही नुसतं…"

"मशीन खोटं न्हाई बोलत!" अप्पांनी फोन ठेवला. कपाळ पुसलं. मग पुनमकडे वळून म्हणाले, "टाक. 'काही नाही' टाक."

ऐकून तुम्हाला हसू येईल. पुनमनं ते इंग्रजी अक्षरांत टाकलं. चुकलं. मध्ये जागा सोडून टाकलं. चुकलं. "आपण बोलतो तसं टाक ग, काय न्हाई," दगडोबा म्हणाला. तेही चुकलं. मी बंद पडलो, सुरू झालो. उत्तर त्यांच्या हातात होतं आणि ते त्याचं स्पेलिंग शोधत होते.

पुनमचा हात कळफलकावर थांबला. तिला काहीतरी सुचलं होतं. फार वेळ मनाशी जुळवून ती अगदी हळू म्हणाली, "अप्पा, रिकामं सोडून बघू का?"

अप्पा कडाडले, "रिकामं सोडायची खोडच हाय ह्या घराला!"

पुनमनं हात मांडीवर घेतले. तेवढ्यात लाइट गेली. अंधारात पोरं पांगली. दगडोबाला सुटीला गावी जायचं होतं. सीडी मित्राची, म्हणून तो ती घेऊन लोह्याला गेला. सीडी नसली की मी पासवर्डही विचारत नाही, नुसती ती मोडलेली ओळ दाखवतो. दुसऱ्या दिवशी पुनमनं मला लावून बघितलं. रिकामी जागा आलीच नाही. तिनं तरी एंटर दाबलं. ते दार नव्हतं, भिंत होती.

मोहियोद्दीनचाचा असते तर एका वाक्यात मिटलं असतं. पण क्लासच्या भागात मोठी दुकानं झाली तशी त्यांची गिऱ्हाइकं तुटली आणि ते नांदेडला भावाकडे निघून गेले होते. अप्पांनी मला त्या मोठ्या दुकानांपैकीच एकात न्यायचं ठरवलं. निघताना आईनं माझा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळला. पुनमला म्हणाली, "बाकी काय बी जाऊ दे. फोटो तेवढा काढून आण. त्याला सांगशील न्हवं?" पुनमनं मान हलवली. स्कूटरवर ती मला मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की पोटाशी धरायची. वाटेत ती एकच वाक्य पुटपुटत होती, "आधी फोटो काढून द्या." पाठ करत होती.

दुकानात गर्दी होती. शेजारी जनरेटर धडधडत होतं. दुकानदारानं माझं झाकण उघडलं.

"काय झालं, काका?"

"पासवर्ड मागतंय. पोरानं टाकलाय."

"मग पोराला विचारा."

"सांगत न्हाई तो."

दुकानदारानं बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून डोळा बारीक केला. "सांगत न्हाई? मग काका, तुम्ही बी विचारू नका. बापापासून कुलूप लावून पोरं आत काय ठेवतात, आम्ही रोज बघून राहिलो." दोघंतिघं खिदळले. "आत काय महत्त्वाचं असंल तर तसं सांगा. डिस्क काढून दुसऱ्याला जोडतो, इथं पडद्यावर एकेक उघडून बघू. न्हाईतर फॉरमॅट मारू, समदं साफ."

अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळ्यांसमोर, मुलीसमोर, पडद्यावर एकेक उघडून बघायचं? माझ्यात लाज वाटावी असं एक अक्षर नव्हतं. बेडकाची चित्रं, जुने पेपर आणि एक फोटो. पण ज्याच्या शब्दावर विश्वास नाही त्याच्या डब्यात काय असेल, याचा विचार माणूस वाईटच करतो.

पुनमनं अप्पांची बाही धरली. "अप्पा, आईचा फोटो. आधी फोटो…"

जनरेटरच्या आवाजात ते दुकानदाराला ऐकू गेलं नाही. अप्पांना गेलं.

"गप ग," ते म्हणाले. "जत्रेतल्या स्टुडिओवाल्याकडं असंल निगेटिव्हची काचबिच. बघू." आणि दुकानदाराकडे न बघता म्हणाले, "आत काही नाही. मारा."

मी विचारलं. खरंच सगळं पुसून टाकू का? एवढंच मला करता आलं. दुकानदारानं माझं वाचलंसुद्धा नाही, त्याचं बोट आधीच कळेवर होतं. आधी बेडूक गेला, मग सगळं गेलं. सिद्धम्मा कधी गेली ते मला समजलं नाही. पुसल्या जाणाऱ्याला ते समजत नाही, एवढीच दया आहे. डिस्कवरचं गेलं; पाहिलेलं-ऐकलेलं तेवढं माझ्यापाशी राहिलं.

मग तो मला पुन्हा पहिल्यापासून शिकवू लागला. शिकता शिकता मी तिथेच आलो जिथे चाचांच्या दुकानात आलो होतो. दोन रिकाम्या जागा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, आणि तोच पुन्हा. दुकानदारानं काही न टाकता एंटर दाबलं आणि मी पुढे गेलो.

"काका," पुनम म्हणाली. या वेळी तिचा आवाज मोठा होता. तिचा तिलाच नवा वाटला असावा. "रिकामं चालतं?"

"चालतं की. निम्म्या लातूरचं रिकामंच असतंय."

"आणि नंतर कधी मागितला तर?"

"तर काय? काही नाही टाकायचं. नुसतं एंटर."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुनमनं अप्पांकडे बघितलं. अप्पा माझ्या पडद्याकडे बघत होते. मी तेव्हा कुठल्या देशाची वेळ लावू ते विचारत होतो. भारताची वेळ त्या यादीत बरीच खाली असते. 

घरी आई चौरंग पुसून बसली होती. तारा जोडल्या, बटण दाबलं. मी उघडलो. नव्या कम्प्युटरवर असतं ते चित्र आलं. निळं आभाळ, पांढरे ढग आणि हिरवीगार टेकडी. झाड नाही, घर नाही, माणूस नाही.

आईनं ते नीट बघितलं. कुठे काही लपलंय का म्हणून खाली वाकून कोपऱ्यातही बघितलं. मग विचारलं, "हे कुणाचं रान हाय?"

अप्पांनी जोडलेल्याच तारा पुन्हा दाबून बघितल्या.

"पुनम, आपली माणसं कुठं हायत?"

पुनमनं सांगितलं. सगळं सांगितलं, दुकानातलं, जनरेटरचं, रिकाम्या जागेचं. शेवटी म्हणाली, "दादा खरं बोलत होता, आई. पासवर्ड नव्हताच."

मला वाटलं आई आता फोटोसाठी आक्रोश करील. तिनं पदरानं माझी काच एकदा पुसली. मग अप्पांना म्हणाली, "माझी आई एकदा दगडाखाली गेली, तवा कुणाला बोल लावला न्हाई. आज बी लावत न्हाई. पर पोरगं जित्तं हाय. त्याला फोन लावा आणि खरं होतं म्हणा."

अप्पा उठले. फोनपाशी गेले, परत आले, चप्पल सरळ केली, परत गेले. नंबर लावला. वाजत राहिला. मग पलीकडून शंकरचा आवाज आला, घाईचा, घाबरलेला. बाप आपणहून फोन करत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"हॅलो? अप्पा? काय झालं?"

अप्पांचे ओठ हलले. आईनं हात जोडल्यासारखे धरले होते. 

"अप्पा? बोला ना. काय झालं?"

"काही नाही," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

आता मी म्हातारा झालो. वरच्या पोरांकडे हातात मावणारे फोन आहेत. मेसचा आठवड्याचा बेत टाइप करायला तेवढा मला उघडतात. त्या जत्रेतल्या स्टुडिओवाल्याचा शोध अप्पांनी गुपचूप केला. तोही भूकंपाच्या त्याच पहाटे गेला होता. शंकर अजून येत नाही. त्या दिवशी काय झालं होतं, हे तो पुनमला फोनवर पुन्हा पुन्हा विचारतो. ती सांगते. पण त्याला ते ज्यांच्या तोंडून हवं आहे, ते सांगत नाहीत.

जिन्यातलं खडूचं वाक्य एक दिवस अप्पांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं. 

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला शाळेत शिकवतात, रिकाम्या जागा भरा. भरा. पण तुमच्या घरात कुणी विचारल्यावर 'काही नाही' म्हणालं, तर घाईनं त्यात आपले शब्द भरू नका. एकदा ते जसं आहे तसं खरं धरून बघा. आणि ज्याला सांगायचं असूनही 'काही नाही' एवढंच म्हणता आलं, त्याला फोन लगेच ठेवू देऊ नका.

आई अजून दुपारी कधी कधी माझ्यासमोर येऊन बसते. पुनम विचारते, दुसरं चित्र लावू का, एखाद्या देवाचं? आई नको म्हणते. मी आता काहीच विचारत नाही, बटण दाबलं की उघडतो. ती त्या हिरव्या टेकडीकडे बघत राहते, जणू पलीकडून आत्ता कुणी चढून येईल. काचेला बोट लावते. काच गरमच असते.

पलीकडून कुणी येत नाही.